भाकरी अर्धी, तरी सकाळची साखर जास्त कशी?

"डॉक्टर, नमस्कार. मी बेळगावातल्या वडगावची. वय ४१, उंची पाच फूट एक इंच, वजन ५७ किलो. घरात चार माग हायत. दिवसभर कांड्या भरतो, संध्याकाळी साड्यांच्या घड्या घालतो, म्हणजे सगळं बसूनच काम. मला कुणी लठ्ठ म्हणणार नाही, पोट तेवढं दोन बाळंतपणांनंतर सुटलंय. मानेला मागच्या बाजूनं काळं झालंय. सासूबाई म्हणतात, नीट घासत नाहीस. भाचीच्या लग्नाआधी सहज रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर ११४, तीन महिन्यांची सरासरी ६.२, ट्रायग्लिसराइड २१० आणि सीआरपी म्हणून काहीतरी ४.१. रात्री मी अर्धीच भाकरी खातो. मग सकाळी साखर येते कुठनं? पुतण्या फार्मसी शिकतोय. तो म्हणतो, 'काकू, तुमच्या चरबीला सूज आहे, त्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी शिरल्यात.' हे ऐकून जाऊबाईंनी प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर आणि गुळवेलीचा काढा आणून ठेवलाय. पेशी शिरल्यात म्हणजे कॅन्सरसारखं काही हाय का? आणि ती पावडर घेऊ का?"

ताई, तो म्हणतोय ते कॅन्सर नव्हे. आणि पावडर घेऊ नका. ही दोन उत्तरं आधी देतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

पुतण्याचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. फक्त 'सूज' हा शब्द आपल्याला फसवतो. सूज म्हटलं की पाय मुरगळल्यावर येते ती डोळ्यांसमोर येते, लाल, गरम, ठणकणारी. तुमच्या पोटात तसलं काही नाही. त्याला मंद दाह म्हणा. चुलीतले निखारे राखेखाली धुमसत असतात, वरून हात लावला तर कळतही नाही, तसा. सीआरपी ४.१ आलं ते त्याच धगीमुळे असू शकतं. हे प्रथिन यकृत बनवतं, आणि ते बनवायचा निरोप इंटरल्यूकिन-६ नावाच्या ज्या रसायनाकडून येतो, त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग चरबीतूनच रक्तात उतरतो. पण त्या आठवड्यात तुम्हाला सर्दी-खोकला झाला असेल किंवा दाढ दुखत असेल, तरीही हा आकडा वाढतो. त्यामुळे एका सीआरपीवर मी काहीच ठरवत नाही. महिन्याभराने, तब्येत ठणठणीत असताना पुन्हा बघू.

आता चरबीकडे येऊ. चरबी म्हणजे डब्यात ओतून ठेवलेलं तूप, अशी आपली समजूत. आमच्या वैद्यकीय शिक्षणातही बरीच वर्षं तिला यापेक्षा जास्त मान नव्हता. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशींतून निघून थेट मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असं कळवणारं संप्रेरक, आणि तेव्हापासून चरबीकडे एक अवयव म्हणून बघायला लागले. या अवयवात चरबीच्या पेशी एकट्या राहत नाहीत. त्यांच्या अधेमधे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. मेलेलं, मोडलेलं उचलून गिळणं हे त्यांचं काम, गल्ली झाडणाऱ्यांसारखं. शिवाय टी पेशी असतात, इओसिनोफिल असतात, याही प्रतिकारशक्तीच्याच. म्हणजे पुतण्या 'शिरल्यात' म्हणाला, तरी या पेशी बारीक माणसाच्या चरबीतही असतातच. त्या परक्या नाहीत.

उलट, निरोगी चरबीत त्यांचा एक गट भांडणं मिटवायला बसलेला असतो, नियंत्रक टी पेशींचा. इतर पेशींना 'पुरे, आता शांत बसा' असं सांगणाऱ्या या पेशी. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची, ते याच पेशींच्या शोधाबद्दल. सडपातळ उंदरांच्या पोटातल्या चरबीत या शांतता राखणाऱ्या पेशी भरपूर असतात, असं २००९ मध्ये दिसलं. उंदीर लठ्ठ झाले की त्या कमी होतात.

मग बिघडतं कुठे? चरबीच्या पेशींची संख्या वयात येईपर्यंत बहुतेक ठरून जाते. हे कसं कळलं तेही सांगतो, कारण मला ते फार आवडतं. पन्नास-साठच्या दशकांत जगभर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला. तो अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यावरून चरबीच्या पेशींचा जन्म कधीचा ते मोजलं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की दर वर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. एकूण हिशेब तोच राहतो. म्हणजे मोठेपणी खाणं वाढलं की मुख्यतः असलेल्याच पेशी फुगतात.

फुगून फुगून पेशी एवढी मोठी होते की तिला रक्तपुरवठा पुरत नाही. काही पेशी मरतात. मेलेली पेशी म्हणजे तेलाचा एक भलामोठा थेंब, सफाई करणाऱ्या मॅक्रोफेजपेक्षा कितीतरी मोठा. एका घासात गिळणं शक्य नाही. म्हणून अनेक मॅक्रोफेज त्याच्याभोवती गोल बसतात आणि हळूहळू संपवत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडं मुकुटासारखं दिसतं, आणि त्याचं नावही तेच पडलं आहे. एक थेंब संपेपर्यंत शेजारची दुसरी पेशी मरते. जखमेतला दाह आठ-दहा दिवसांत आवरतो, इथलं काम मात्र संपतच नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की सडपातळ उंदरांच्या चरबीत दहा टक्क्यांहून कमी पेशी मॅक्रोफेज असतात, आणि फार लठ्ठ उंदरांत निम्म्याहून जास्त. पुतण्या म्हणतो ते 'शिरणं' हेच. झाडायला म्हणून आले आणि वस्तीच करून बसले.

बसतात तेही गप्प बसत नाहीत. मेलेलं काही सापडलं की 'इथे गडबड आहे' असा रासायनिक पुकारा करायचा, हा त्यांचा धर्म. त्या पुकाऱ्यातला एक पदार्थ टीएनएफ-आल्फा. लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत तो वाढलेला असतो आणि तो अडवला की इन्शुलिन जास्त चांगलं काम करतं, हे १९९३ मध्ये होतामिश्लिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं. चरबी, प्रतिकारशक्ती आणि साखर हे तीन धागे तिथे पहिल्यांदा एकत्र विणले गेले.

इन्शुलिनचं काम कसं अडतं ते तुमच्याच घरातलं उदाहरण घेऊन बघा. व्यापारी दारात येऊन सांगतो, अमुक रंगाच्या साड्या हव्यात. दारातला माणूस मुकादमाला सांगतो, मुकादम मागावरच्याला, आणि मग माग फिरतो. इन्शुलिन म्हणजे तो व्यापारी. पेशीच्या दारापर्यंत ते व्यवस्थित येतं. दाराच्या आतला मुकादम म्हणजे आयआरएस-१ नावाचं प्रथिन. टीएनएफसारखे पुकारे या मुकादमावर नको त्या जागी फॉस्फेटची गाठ मारून ठेवतात, मग निरोप पुढे सरकत नाही. व्यापारी ओरडतोय, माग बंद. यालाच इन्शुलिन-रोध म्हणतात. इन्शुलिन कमी पडलेलं नसतं, ऐकणारं कुणी नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न, अर्धी भाकरी आणि सकाळची ११४. रात्रभर आपण उपाशी असलो तरी मेंदूला साखर लागते. ती यकृत स्वतः तयार करून रक्तात सोडतं. सकाळची उपाशीपोटीची साखर ही रात्रीच्या भाकरीची नसते, ती बहुतेक यकृताची असते. 'आता पुरे' हे यकृताला सांगायचं काम इन्शुलिनचं. चरबीलाही तेच सांगतं: साठा सोडू नको, धरून ठेव. चरबी ऐकेनाशी झाली की तिच्यातली मेदाम्लं रात्रंदिवस रक्तात झिरपत राहतात. ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन साठतात, म्हणजे जिथे चरबी नसायला हवी तिथे. मग यकृतही ऐकेनासं होतं. तुमचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० आहे ना, ते अशा चरबी भरलेल्या यकृतातून निघालेलं असण्याची दाट शक्यता आहे. पोटाची सोनोग्राफी केली तर बहुधा 'फॅटी लिव्हर' लिहून येईल. तेव्हा रात्रीची भाकरी पाव करून सकाळचा आकडा फारसा हलणार नाही. उपाशी झोपू नका.

मान! आतलं कुणी ऐकत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. रक्तात ते इतकं वाढतं की त्वचेच्या पेशींनाही चिथावतं, त्या भराभर वाढतात आणि मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपट थर येतो. तो मळ नाही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. घासण्याने कातडी आणखी जाड आणि काळी होते, म्हणून दगड, काथ्या सगळं बंद.

पण ५७ किलोला हे सगळं? तुम्ही मनातल्या मनात हेच विचारत असणार. इथे आपल्याच भाषेतल्या एका डॉक्टरांचं काम आठवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हुबेहूब सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, पण कातडीखालच्या चरबीत मात्र फारशी मागे नाहीत. बारीक दिसणारी आणि आतून चरबी धरणारी ही ठेवण आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो. कातडीखालच्या चरबीची कोठारं लवकर भरतात आणि उरलेलं पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात जातं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, बाहेरच्यांसाठी ती रेघ २५ ला आहे. तुमचा येतो २३.७. त्याहून सोपं, शिवणकामाची टेप घ्या, श्वास सोडा आणि बेंबीच्या जरा वर, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. बायकांसाठी रेघ ८० सेंटिमीटर. तुमचं माप काय आलं ते मला कळवा, मला वजनापेक्षा तेच हवं आहे.

इथवर वाचून पुतण्या म्हणेल, मग दाह मारायचं औषध द्या की! माझीही एके काळी तीच आशा होती. १८७६ मध्येच एब्स्टाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांना दिसलं होतं की सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी होते. ॲस्पिरिनचाच तो भाऊ. आपल्या काळात साल्सालेट हे त्याच घरातलं औषध नीट तपासलं गेलं, २०१३ मध्ये निकाल आला, आणि तीन महिन्यांची सरासरी उतरली ती जेमतेम ०.३७. टीएनएफ अडवणारी औषधं मधुमेही माणसांना दिली तर उंदरांसारखी किमया झाली नाही. कॅनाकिनुमॅब हे आणखी एक दाहविरोधी इंजेक्शन दहा हजारांहून जास्त हृदयरुग्णांवर तपासलं. त्यांचं सीआरपी उतरलं, हृदयविकाराचे झटके काही प्रमाणात कमी झाले, पण नवा मधुमेह थांबला नाही. उंदरांवर उलटही दिसलं आहे: चरबीतला दाह पूर्ण दाबून टाकला तर चरबी नीट वाढूच शकत नाही आणि यकृतावर जास्त भार येतो. तेव्हा माझं मत असं झालं आहे की या पेशी गुन्हेगार कमी आणि साक्षीदार जास्त आहेत. ओसंडणाऱ्या कोठाराची घाण त्या उपसतायत, आणि उपसताना त्यांच्या आरडाओरड्याने घर बिघडतंय. त्यांना मारून उपयोग नाही. कोठार रिकामं करा. आणि कृपा करून ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

आता जाऊबाईंची पावडर. त्यांची माया मला कळते. पण बघा, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, उलट ती नको तिथे कामाला लागली आहे. तिला वाढवून काय करायचं? खरं तर असल्या डब्यांनी ती वाढतही नाही, पैसे तेवढे जातात. काढ्याबाबत मात्र मी जरा कडक आहे. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे, आणि ती इजा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केल्यासारखी होती. तुमचं यकृत आधीच चरबीने दमलेलं असण्याची शक्यता आहे. तो काढा मोरीत ओता. जाऊबाईंना सांगायचं तर सांगा, डॉक्टर फार हट्टी आहेत.

करायचं काय ते सांगतो, आणि सगळं एकदम करू नका. आधी चालणं. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. मुकादम बांधलेला असला तरी स्नायूला मागचं दार आहे. म्हणून जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं येळ्ळूर रोडच्या बाजूला चालून या. दुपारच्या उन्हात नको वाटलं तर घरातल्या घरात, पण जेवणानंतरच. रविवारी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत जा. आपण आज जिथे झाडांच्या सावलीत फेऱ्या मारतो तिथे एके काळी देवीची लस तयार व्हायची. प्रतिकारशक्तीला खरोखर शहाणं करणारी गोष्ट ती, डब्यातली पावडर नव्हे. कांड्या भरताना दर अर्ध्या तासाने उठा आणि पाटावरून दहा वेळा उठबस करा. मांड्यांचे स्नायू हे साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

जेवणात भाकरीला दोष देऊ नका. दोष असेल तर चहात आहे. माझा अंदाज, मागाच्या घरात दिवसातून पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. खरं-खोटं तुम्हालाच माहीत. दोन कपांवर या, साखर अर्धा चमचा. भात ताटात आधी वाढून घेता तो शेवटी घ्या. आधी उसळ, भाजी, कोशिंबीर, खात असाल तर अंडं किंवा मासा. रात्री अर्धी भाकरी आणि वर भाताचा डोंगर असेल, तर 'अर्धीच खातो' या हिशेबाला मी मान देणार नाही. कुंदा महिन्यातून एकदा, तोही भाचीच्या सासरचे आले तर.

झोप. माग रात्री किती वाजेपर्यंत चालतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. २०१२ मधल्या एका छोट्या प्रयोगात सात निरोगी तरुणांना चार रात्री साडेचार तासच झोपू दिलं, तर त्यांच्या चरबीच्या पेशींची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी घटली. माणसं सातच, तरी मला ते पटलं, कारण रात्रपाळीवाल्यांत मी हेच रोज बघतो.

वजन किती उतरवायचं? चार किलो, सहा-आठ महिन्यांत. चार किलोंनी फोटोत फरक दिसणार नाही, पण यकृतातली चरबी सगळ्यात आधी उतरते. घाई करू नका. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवलं की चरबीच्या पेशी लठ्ठपणाची आठवण जपून ठेवतात, वजन उतरल्यावरही. पंधरा दिवसांत पाच किलो उतरवून दिवाळीत परत सहा चढवणं हा त्या पेशींचा आवडता खेळ आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने तुमच्यासारख्याच मधुमेहाच्या काठावरच्या भारतीयांवर तीन वर्षांचा अभ्यास केला. २००६ मध्ये निकाल आला: चालणं-खाणं सुधारल्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने २६.४. औषध वाईट नाही. सहा महिन्यांत आकडे हलले नाहीत तर मीच तुम्हाला ते घ्या म्हणेन.

तपासण्या दोनच वाढवा. एक हिमोग्लोबिन, कारण लोह कमी असेल तर ती तीन महिन्यांची सरासरी खोटीच जास्त दिसते, आणि आपल्या बायकांत लोह कमी असणं काही नवल नाही. दुसरी पोटाची सोनोग्राफी. बाळंतपणात कधी साखर वाढली होती का, तेही आठवून लिहा. वाढली असेल तर मी तीन महिन्यांऐवजी आधीच बोलावेन. नाहीतर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर, सरासरी आणि पोटाचं माप. मानेचा काळेपणा सगळ्यात शेवटी जातो, त्याला वर्षही लागेल. तोवर लग्नाला जाताना केस सोडा किंवा अंबाड्यावर गजरा माळा.